साथीची वंशावळ

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, निफाड मागें टाकून येवल्याकडे जातांना वाटेंत विंचूर हें गांव लागतें. पेशवाईंतील सरदार विंचूरकरांमुळें इतिहासाच्या वाचकांस हें नांव ठाऊक आहे. आणि लासलगांव बाजार समितीचा उपबाजार येथें भरत असल्यामुळें कांद्याच्या व्यापाऱ्यांसही तें अपरिचित नाहीं. हंगामांत सकाळपासून गाड्यांची रांग लागते, लिलाव होतात, आणि सकाळीं उतरलेला कांदा सायंकाळच्या आंत दूरदूरच्या प्रांतांकडे रवाना होतो. येथें येणारा माणूस एका गांवचा नसतो, आणि येथून जाणारा माल एका गांवीं राहत नाहीं. अशा गांवीं एखाद्या तापाची साथ उद्भवली, तर लोकांच्या तोंडीं पहिला प्रश्न कोणता येतो? ‘यावर उपाय काय?’ हा नव्हे. ‘हा ताप येथें आणला कोणीं?’ हा.

हा प्रश्न माझ्या कल्पनेंतला नाहीं. २००६ सालच्या मार्च महिन्यांत आमच्याच जिल्ह्यांतील मालेगांव शहरीं एका चमत्कारिक तापानें कहर केला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांतच तेथें दोन हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. ताप चार दिवसांत उतरे, पण सांधे असे धरले जात कीं, चांगला धडधाकट माणूस भिंतीचा आधार घेतल्यावांचून उठूं शकत नसे. आणि हें दुखणें कित्येकांच्या अंगीं महिनेच्या महिने राही. रोगाचें नांव चिकुनगुनिया. आफ्रिकेंतील टांगानिका प्रांतांत, म्हणजे आजच्या टांझानियांत, १९५२-५३ सालीं हा रोग प्रथम ओळखला गेला, आणि तेथील माकोंडे लोकांच्या भाषेंतील ‘वांकवून टाकणारा’ अशा अर्थाच्या शब्दावरून त्यास हें नांव पडलें. रोग विषाणूचा, त्याचा वाहक डांस. आणि हा डांस गटारांतला नव्हे, तर आपल्या घरांतील रांजण, हौद आणि कुंड्यांखालच्या बशा यांतील स्वच्छ पाण्यांत वाढणारा, दिवसा चावणारा, ईडिस जातीचा.

अशा वेळीं बाजाराच्या ओट्यावर काय चर्चा होते, तें आपणांस सांगावयास नकोच. विंचूरचा माणूस मालेगांवाकडे बोट दाखविणार. मालेगांवचा माणूस आणखी कोणत्या तरी गांवाकडे दाखविणार. रोग्याची शुश्रूषा बाजूस राहते आणि त्याच्या प्रवासाची उलटतपासणी सुरू होते. बाहेरगांवचा मजूर, गाडीवान, फेरीवाला हे सर्व आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे राहतात. त्यांच्याविरुद्ध पुरावा एकच: ते येथले नव्हेत.

मला आज सांगावयाचें आहे तें असें कीं, ‘साथ कोठून आली?’ या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचें एक नवें साधन गेल्या कांहीं दशकांत शास्त्राच्या हातीं आलें आहे. हें साधन रोग्याची जबानी घेत नाहीं; प्रत्यक्ष रोगाचीच जबानी घेतें. आणि ती जबानी पुष्कळदां आपल्या समजुतीच्या अगदीं उलट निघते.

हें साधन समजून घेण्यासाठीं प्रयोगशाळेंत जाण्यापूर्वी आपण क्षणभर एका ग्रंथालयांत जाऊं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करण्याचें कार्य सुरू झालें, आणि तें १९६६ सालीं पुरें झालें. १९२५ पासून १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे या कार्याचे प्रमुख संपादक होते. व्यासांच्या हातची पोथी कोणीही पाहिलेली नाहीं. संपादकांपुढें होत्या त्या शेंकडों नकला: कोणी काश्मिरांत शारदा लिपींत उतरलेली, कोणी बंगाली लिपींत, कोणी देवनागरींत, कोणी मलयाळम् लिपींत. यांतील कोणती पोथी कोणत्या पोथीच्या कुळांतली, हें ठरवावयाचें कसें? पोथ्यांच्या अभ्यासाचें हें शास्त्र त्यास मोठें गमतीचें उत्तर देतें. तें म्हणतें: चुकांवरून!

शुद्ध पाठ सर्वांचा सारखाच असतो. त्यावरून नातें कळत नाहीं. पण समजा, एका लेखनिकानें घाईंत ‘घन’ या शब्दाच्या जागीं ‘धन’ असें लिहिलें. त्याच्या पोथीवरून ज्या नकला उतरल्या, त्या सर्वांत ‘धन’ हाच शब्द आला. पुढें त्यांपैकीं एका नकलेंत कोणाच्या तरी नजरचुकीनें एक ओळ गळाली. तिच्यावरून उतरलेल्या साऱ्या पोथ्यांत ती ओळ नाहीं. आतां आपल्या हातीं एक पोथी आली, आणि तिच्यांत ‘धन’ही आहे व ती ओळही नाहीं. तर ती पहिल्या चुकीची नात आणि दुसऱ्या चुकीची लेक, हें आपण मूळ लेखनिकांस कधींही न पाहतां सांगूं शकतों. समान चुका हें समान कुळाचें चिन्ह होय. महाभारताच्या पोथ्यांत लेखनिकांनीं अनेक पोथ्या पुढें ठेवून इतकी सरमिसळ केली होती कीं, त्यांचा एकच सरळ वंशवृक्ष काढणें शक्य नव्हतें. तरी उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील अशीं त्यांचीं मोठीं कुळें आणि त्यांच्या शाखा संपादकांनीं लावल्या.

आतां ही युक्ति मनांत ठेवून विषाणूकडे पाहूं. विषाणू म्हणजे, थोडक्यांत सांगावयाचें तर, एक अतिसूक्ष्म पोथी आणि तिच्यावरचें वेष्टण. या पोथीची लिपि फक्त चार अक्षरांची आहे. चिकुनगुनियाच्या विषाणूची पोथी सुमारे ११,८०० अक्षरांची. २०१९ सालच्या अखेरीस उदय पावलेल्या कोरोना विषाणूची सुमारे ३०,००० अक्षरांची. विषाणूला स्वतःचें घर नाहीं कीं छापखाना नाहीं. तो आपल्या शरीरांतील पेशींत शिरतो, आणि तिच्याच साहित्यानें आपल्या हजारों नकला तयार करवितो. या नकला उतरतांना चुका होतात. बहुतेक चुका निरुपद्रवी; कांहीं विषाणूलाच मारक, आणि त्या चुकीबरोबर ती नकलही नष्ट होते; क्वचित् एखादी चूक मात्र विषाणूच्या पथ्यावर पडते. कोरोना विषाणूजवळ मुद्रितें तपासण्याची थोडीफार सोय आहे, म्हणून त्याच्या चुका बेतानें होतात. तरीसुद्धां त्याच्या एकेका वंशांत महिन्याकाठीं सरासरी दोन नव्या चुका स्थिर होतांना आढळल्या.

या चुका म्हणजेच साथीचा माग. एका रोग्याच्या रक्तांतून किंवा घशांतून घेतलेला नमुना शीतपेटींत घालून प्रयोगशाळेंत पाठवावयाचा. तेथें विषाणूची पोथी यंत्रानें अक्षरशः वाचावयाची. आणि निरनिराळ्या गांवांच्या, निरनिराळ्या दिवसांच्या पोथ्या शेजारीं शेजारीं मांडून त्यांतील समान चुका जुळवावयाच्या. गणनयंत्र ही जुळणी करतें आणि एक वृक्ष काढून देतें. खोड म्हणजे पूर्वज, फांद्या म्हणजे शाखा, आणि टोंकाचें पान म्हणजे आपण घेतलेला नमुना. चुका ठराविक गतीनें होत असल्यामुळें दोन फांद्या साधारण केव्हां फुटल्या असाव्यात, हेंही अजमासानें काढतां येतें. जणूं ती पोथी आपली तिथीही अंगावर बाळगून असते.

आतां मालेगांवच्या त्या तापाकडे परत येऊं. कारण या विद्येचा एक उत्तम दाखला आपल्या महाराष्ट्रानेंच दिला आहे.

चिकुनगुनिया भारतास अगदींच नवा नव्हता. १९६३ सालीं कलकत्त्यास त्याची मोठी साथ झाली, पुढल्या वर्षीं मद्रासेस, आणि १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें. त्यानंतर तो असा दिसेनासा झाला कीं, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस तो केवळ पुस्तकांतच वाचावयास मिळे. बत्तीस वर्षें अशीं गेलीं. मग २००५ सालाच्या अखेरीपासून आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र असा तो पेटत गेला, आणि तेरा राज्यांत सुमारे १३ लाख लोकांस तो होऊन गेला असा अंदाज झाला. साहजिकच प्रश्न उठला: बार्शीचाच जुना विस्तव राखेखालीं जिवंत राहून पुन्हां भडकला कीं काय?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनें हा प्रश्न हातीं घेतला. ही संस्था १९५२ सालीं विषाणू संशोधन केंद्र या नांवानें स्थापन झाली, आणि तिच्या शीतकपाटांत कित्येक दशकांचे नमुने जतन केलेले होते. भांडारकर मंदिरांत जुन्या पोथ्या जशा बासनांत बांधून ठेविल्या आहेत, तसेच. संशोधकांनीं १९६३ आणि १९७३ सालांतील जुने विषाणू बाहेर काढून वाचले, आणि त्यांच्याशेजारीं २००६ सालच्या निरनिराळ्या राज्यांतील विषाणू वाचून ठेविले. निकाल स्वच्छ होता. जुने विषाणू आशियाई कुळाचे. नवे आफ्रिकी कुळाचे. बार्शीची राख थंडच होती. हा पाहुणा समुद्रापलीकडचा होता.

पण या शोधांत एक पेंच निघाला, आणि माझ्या मतें सर्व कथेंतील तेंच मर्म आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत म्हणून गांव आहे. तेथें २००० सालीं पकडलेल्या डांसांतून मिळालेला चिकुनगुनियाचा एक विषाणू संस्थेच्या संग्रहीं होता. तो वाचून पाहतात तों तोही आफ्रिकी कुळाचा! म्हणजे साथ भडकण्याच्या पांच वर्षें आधीं हें कुळ महाराष्ट्रांत येऊन बसलेलें होतें. आतां कोणाही सरळ मनुष्यास काय वाटेल? ‘चोर सांपडला, यवतची ठिणगीच मालेगांवापर्यंत आली.’ गांव जवळचें, कुळ एकच, काळही जुळणारा. न्यायासनापुढें यापेक्षां अधिक पुरावा क्वचितच येतो.

परंतु पोथी अक्षरशः वाचली, तेव्हां वेगळेंच दिसलें. २००६ सालचे भारतीय विषाणू यवतच्या विषाणूशीं शेंकडा ९८.२ इतके जुळत होते; आणि हिंदी महासागरांतील रेयुनियों नांवाच्या चिमुकल्या बेटावर त्याच सुमारास थैमान घालणाऱ्या विषाणूशीं शेंकडा ९९.९ इतके. दोन्ही आंकडे कानाला सारखेच वाटतात. पण सुमारे ११,८०० अक्षरांच्या पोथींत पहिल्याचा अर्थ दोनशेंहून अधिक अक्षरांचा फरक, आणि दुसऱ्याचा अर्थ जेमतेम डझनभर अक्षरांचा. पुण्यापासून थोड्या अंतरावरचें यवत हें दूरचें भाऊबंद निघालें, आणि हजारों कोस दूरचें बेट सख्खें. भूगोलांतील जवळीक ही कुळांतील जवळीक नव्हे. यवत सुटलें, आणि तें सुटलें हें कोणाच्या सद्भावनेनें नव्हे, तर मोजलेल्या पुराव्यानें.

मग रेयुनियों बेटानें आपणांस हा रोग दिला काय? तसा तर्क करणेंही घाईचें झालें असतें. पुढें अधिक देशांतील अधिक नमुने वाचून झाल्यावर अभ्यासकांच्या ध्यानांत आलें कीं, बेटावरचा विषाणू ही भारतीय विषाणूची आई नसून बहीण आहे. २००४ सालीं केनियाच्या किनाऱ्यावर जी साथ झाली, तिच्यापासून दोन फांद्या फुटल्या: एक हिंदी महासागरांतील बेटांकडे गेली, दुसरी स्वतंत्रपणें भारतांत आली. बहिणीला आई समजण्याची चूक ही या शास्त्रांतील नेहमींची चूक आहे; आणि ती केवळ अधिक पोथ्या वाचल्यानेंच दुरुस्त होते.

येथें आपणांपैकीं कोणी विचारील, आणि विचारणें रास्तच आहे, कीं ही वंशावळ लावून रोग्याच्या सांध्यांस काय आराम पडला? त्याचें उत्तर त्या रेयुनियों बेटावरच आहे. तेथें साथ चालू असतांनाच विषाणूच्या वेष्टणांतील एका ठिकाणीं, २२६ क्रमांकाच्या जागीं, एक घटक बदलला. दिसावयास ही एका अक्षराची चूक. पण तिच्यामुळें हा विषाणू ईडिस जातीच्या दुसऱ्या एका डांसांत, अंगावर पांढरे पट्टे असलेल्या ‘वाघ डांसां’त, फार सुलभपणें वाढूं लागला. २००६ सालच्या आरंभींच्या भारतीय विषाणूंत हा बदल नव्हता. परंतु २००७ सालीं केरळांत तो आढळला. हा बदल तेथें बेटावरून आला नव्हता. दोन लेखनिक परस्परांस न ओळखतां एकाच शब्दापाशीं अडखळावेत, तसा तो निराळ्या फांदीवर स्वतंत्रपणें घडला होता. म्हणून कुळ ठरवितांना एकाच चुकीवर विसंबून चालत नाहीं. सगळी पोथी पाहावी लागते.

आणि उपयोग हा कीं, डांस बदलला म्हणजे उपायही बदलावा लागतो. ईडिस इजिप्ती हा घरांतल्या पाण्याचा डांस; त्याच्यासाठीं रांजण व हौद कोरडे करावे. वाघ डांस हा झाडाझुडपांचा, बागांचा आणि मळ्यांचा. केरळांत रबराच्या झाडांना चीक गोळा करण्यासाठीं बांधलेल्या वाट्यांत पावसाचें पाणी सांचतें, तें त्याचें माहेर. ज्यानें फक्त रोगाचें नांव पाहिलें, तो घरांतील हौद उपसत बसेल. ज्यानें पोथीही वाचली, तो मळ्यांतील वाट्या पालथ्या घालावयास माणूस धाडील. वंशावळीचा हा उपयोग आहे. ती औषध नाहीं; पण औषध कोठें ओतावयाचें, हें ती सांगते.

दुसरा दाखला अधिक अलीकडचा आणि अधिक दुःखाचा. कोरोनाच्या महामारींत भारतांत विषाणूच्या पोथ्या वाचण्यासाठीं प्रयोगशाळांचा एक राष्ट्रीय संघ २०२० सालच्या डिसेंबरांत उभा करण्यांत आला. २०२१ च्या आरंभीं विदर्भांत, विशेषतः अमरावतीच्या बाजूस, रुग्ण पुन्हां वाढूं लागले. २४ मार्च २०२१ रोजीं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें जाहीर केलें कीं, महाराष्ट्रांतील वाचलेल्या नमुन्यांपैकीं १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र आढळत आहेत. याच कुळाची एक शाखा पुढें डेल्टा या नांवानें जगभर पसरली. आतां ध्यानांत घ्या: या कुळाचे सर्वांत जुने भारतीय नमुने ऑक्टोबर २०२० मधले आहेत. म्हणजे पोथी शरदांत लिहिली गेली होती. तिचा अर्थ आपणांस वसंतांत लागला. मधल्या महिन्यांत ती घरोघर फिरत होती, आणि एप्रिल-मे महिन्यांत काय झालें, हें ज्या घरांतील एक जागा त्या वर्षीं रिकामी झाली, त्यांस मीं सांगावयास नको. नमुना वेळेवर वाचला जाणें आणि न जाणें यांतील अंतर हें केवळ शास्त्रीय कुतूहलाचें अंतर नव्हे.

याच प्रसंगीं आणखी एक गोष्ट घडली. वर्तमानपत्रांतून विषाणूंना देशांचीं नांवें पडलीं: कोठें अमुक देशाचा विषाणू, कोठें तमुक देशाचा. ज्या देशानें तत्परतेनें वाचून जाहीर केलें, त्यालाच बदनामी वांट्याला आली. म्हणून ३१ मे २०२१ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें या शाखांना ग्रीक अक्षरांचीं नांवें दिलीं. विंचूरच्या ओट्यावरचा ‘आणला कोणीं?’ हा प्रश्न किती दूरवर ऐकूं जातो, याची ही साक्ष होय.

आतां या विद्येची मर्यादाही सांगितली पाहिजे. कारण ज्या साधनाची मर्यादा ठाऊक नाहीं, तें साधन हातीं घेणाऱ्यालाच इजा करतें. समजा, उद्यां खुद्द विंचुरांत असा ताप आला. तिघांचे नमुने घेतले: एक मालेगांवाहून परतलेला अडत्या, एक दक्षिणेकडून गाडी घेऊन आलेला चालक, आणि एक वृद्ध बाई, जिनें वर्षभरांत गांवची वेस ओलांडलेली नाहीं. वाचून पाहतां अडत्याची आणि बाईंची पोथी अक्षरशः एकच निघाली. तर ‘अडत्यानें बाईंस रोग दिला’ असा निकाल देतां येईल काय? मुळींच नाहीं. कदाचित् बाईंस आधीं झाला असेल. कदाचित् दोघांस एकाच तिसऱ्या घरचा डांस चावला असेल, ज्या घरचा नमुना कोणीं घेतलाच नाहीं. रोग एका माणसापासून दुसऱ्याकडे जावयास जितका काळ लागतो, त्यापेक्षां चूक घडावयास पुष्कळदां अधिक काळ लागतो. म्हणून एका साखळींतल्या अनेकांच्या पोथ्या हुबेहूब सारख्या निघतात. पोथी विषाणूचें कुळ सांगते. माणसाचा गुन्हा सांगत नाहीं. चालकाची पोथी या दोघांहून फार निराळी निघाली, तर मात्र त्यानें ही साथ आणली नाहीं, एवढें खात्रीनें म्हणतां येईल. आरोप सिद्ध करण्यापेक्षां आरोप खोडून काढण्याचें बळ या विद्येंत अधिक आहे. आणि समाजाच्या दृष्टीनें तें बळ कमी मोलाचें नाहीं.

दुसरी मर्यादा अशी. वृक्षावर तेवढींच पानें दिसतात, जितके नमुने आपण घेतले. जेथून नमुना गेला नाहीं, तें गांव वृक्षावर नाहीं. आणि मग जेथून पुष्कळ नमुने गेले, त्या शहरासच रोगाचें उगमस्थान समजण्याचा मोह होतो. यवतच्या डांसांतील विषाणू कोणीं शोधून जपून ठेविला नसता, तर २००० सालीं हें कुळ महाराष्ट्रांत होतें, हें आपणांस कधींच कळलें नसतें. त्या वर्षीं चिकुनगुनियाची कोठें हाकाटी नव्हती. तरी कोणी तरी एका खेड्यांत डांस पकडले, नळींत घातले, आणि गांवाचें व वर्षाचें नांव नोंदून ठेविलें. सहा वर्षांनीं त्या एका नोंदीवर एका मोठ्या प्रश्नाचा निकाल अवलंबून राहिला. तिसरी गोष्ट तीच: स्थळ आणि तिथि यांवांचून पोथी मुकी आहे. सर्वांत बारीक वाचणारें यंत्रही ‘हा नमुना कोठला?’ या प्रश्नाचें उत्तर देऊं शकत नाहीं. तें रुग्णालयांतील परिचारिकेच्या लेखणीनेंच द्यावें लागतें. आणि चौथी: महाभारताच्या पोथ्यांत झाली तशी सरमिसळ विषाणूंतही कधीं कधीं होते, एकाच शरीरांत दोन शाखा भेटल्या, तर दोहोंचा मिळून तिसराच पाठ तयार होऊं शकतो. तेव्हां वृक्ष काढणाऱ्यानेंही नम्र असावें, हें बरें.

पूर्वी एक पोथी वाचावयास आठवडे लागत, आणि ती मोठ्या शहरांतील प्रयोगशाळेंतच वाचतां येई. आतां तसें राहिलेलें नाहीं. २०१५ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील गिनी देशांत इबोलाच्या साथींत संशोधकांनीं तळहातावर मावेल एवढें यंत्र बरोबर नेलें, आणि तेथल्या तेथें, कित्येकदां चोवीस तासांच्या आंत, विषाणू वाचून दाखविला. यंत्र लहान झालें, म्हणजे तें तालुक्याच्या गांवींही पोंचूं शकतें. पण यंत्र पोंचलें तरी नमुना देणारा माणूस पुढें आला पाहिजे; आणि ज्या गांवीं रोगी म्हणजे आरोपी, त्या गांवीं माणूस ताप लपवितो, प्रवास लपवितो, खोटी तारीख सांगतो. निंदेची भीति ही साथीची सर्वांत जुनी मैत्रीण आहे. तिनें पुसलेला माग कोणतेंही यंत्र पुन्हां उमटवूं शकत नाहीं.

म्हणून श्रोतेहो, शेवटीं दोन साध्या गोष्टी. आपल्या घरीं कोणास असा ताप आला आणि डॉक्टरांनीं नमुना मागितला, तर तो द्यावा. आणि ताप कोणत्या दिवशीं आला व त्याआधीं आपण कोठें होतों, हें खरें खरें सांगावें. आणि शेजाऱ्याकडे ताप आला, तर ‘कोठून आणलास?’ असें विचारण्यापूर्वी आपल्या हौदाचें झांकण एकदां उघडून पाहावें. साथ कोणत्या वाटेनें आली, तें पोथी वाचणारे आज ना उद्यां सांगतील. तो डांस मात्र आज दुपारींच चावणार आहे.